गन बंद झाल्यानंतरची हवा

पेंट शॉपची तपासणी हाती घेतली की आम्ही आधी बूथ, म्हणजे रंग फवारायची बंद खोली, बघत नाही. आधी विचारतो, रंग कुठे कालवता आणि फवारणीची गन कुठे धुता? या दोन्ही जागा बहुतेक वेळा बूथच्या बाहेर असतात. तिथे हवा ओढणारा पंखा नसतो, आणि तिथे काम करताना मास्क गळ्यात लोंबत असतो. फवारणीची धास्ती सगळ्यांनाच असते, त्यामुळे बूथमध्ये थोडीफार काळजी घेतली जाते. पण रसायन अंगात जातं ते बरेचदा फवारणीच्या आगेमागे. म्हणून आमची तपासणी रंगाच्या डब्यामागून चालते: गोदाम, मिक्सिंग, बूथ, गन धुणं, घासकाम, आणि शेवटी कामगाराची फुप्फुसं.

सुरुवात कागदापासून होते. रंगाचं, हार्डनरचं आणि थिनरचं अशी तीन वेगवेगळी सेफ्टी डेटा शीट मागवायची. फाइलमध्ये रंगाचं हमखास सापडतं, हार्डनरचं सापडत नाही, आणि टू-पॅक, म्हणजे रंग आणि तो कडक करणारा हार्डनर अशा दोन डब्यांतून कालवायच्या पॉलियुरेथेन रंगात सगळ्यात जास्त काळजीची वस्तू हार्डनरच असते. शीटचे सोळा भाग असतात. घाई असेल तर दुसरा, तिसरा आणि आठवा एवढे तरी वाचावेत. दुसऱ्यात धोक्याचे संकेत असतात. तिथे एच ३३४ दिसला तर तो पदार्थ श्वासावाटे गेल्याने दमा जडू शकतो. एच ३१७ म्हणजे त्वचेची अॅलर्जी, एच ३५० म्हणजे कर्करोग. तिसऱ्या भागात घटक आणि त्यांची टक्केवारी, आठव्यात हवेतली मर्यादा आणि कोणतं संरक्षण वापरायचं ते.

थिनरच्या बाबतीत जास्त कडक राहावं लागतं. नुसतं ‘थिनर’ लिहिलेला डबा असेल आणि विकणारा घटक सांगत नसेल तर तो घेऊच नये. त्यात टोल्युइन, झायलीन, ब्युटाइल अॅसिटेट, अॅसिटोन, मिथेनॉल यांपैकी काहीही कितीही असू शकतं, आणि प्रत्येकासाठी मास्कचं कार्ट्रिज, हातमोजे, लघवीची तपासणी सगळंच बदलतं. त्यात एन-हेक्झेन असेल तर हातापायांच्या नसा मारल्या जातात, बोटांना मुंग्या येण्यापासून सुरुवात होते. सोबत मिथाइल इथाइल कीटोन असेल तर तो परिणाम आणखी वाढतो, जरी त्या कीटोनने एकट्याने नसांना तशी इजा होत नसली तरी.

आता हार्डनर. वाहनांच्या आणि यंत्रांच्या टू-पॅक रंगांत साधारणपणे हेक्झामेथिलीन डायआयसोसायनेट, म्हणजे एचडीआय, या आयसोसायनेटच्या कुळातला हार्डनर असतो. शीटवर लिहिलेलं असतं की मोकळा मोनोमर, म्हणजे एचडीआयचा सुटा रेणू, अर्ध्या टक्क्याहून कमी आहे, आणि ते वाचून लोक निश्चिंत होतात. उरलेला भाग असतो त्याच रेणूंच्या जोडण्यांचा, बाययुरेट आणि ट्रायमरचा. डब्यात तो जवळजवळ उडत नाही हे खरं. पण स्प्रे गन त्याला उडायला सांगतच नाही, ती त्याचे बारीक थेंब करून हवेत फेकते. त्या थेंबांमध्ये एनसीओ हा क्रियाशील गट तसाच शाबूत असतो आणि फुप्फुसात जाऊन तोच त्रास देतो. म्हणूनच ब्रिटनमधली मर्यादा एकूण एनसीओवर लावलेली आहे: आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ०.०२ मिलिग्रॅम, पंधरा मिनिटांसाठी ०.०७ मिलिग्रॅम. चालू बूथमध्ये टू-पॅक फवारताना ही पातळी अनेक पटींनी ओलांडली जाते. ती खाली आणणं एकट्या पंख्याला जमत नाही, म्हणून मास्क लागतो.

वासाचा भरवसा धरू नये, हे आम्हाला प्रत्येक ठिकाणी पुन्हा सांगावं लागतं. टोल्युइनचा वास बऱ्याच कमी पातळीला येतो, आणि थोड्या वेळाने नाक त्याला सरावून तो येईनासा होतो. आयसोसायनेटचा वास तर धोक्याच्या पातळीला येतच नाही. बूथमध्ये नाकाला जे जाणवतं ते थिनर असतं. ‘वास गेला, मास्क काढ’ या सवयीने बाधलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. एकदा शरीर संवेदनशील झालं की नंतर मोजताही येणार नाही इतक्या सूक्ष्म मात्रेनेसुद्धा दम लागतो.

मिक्सिंगच्या टेबलावर आम्ही आधी हवा कुठून कुठे जाते ते पाहतो. सॉल्व्हंटची, म्हणजे थिनरमधल्या विरघळवणाऱ्या द्रवांची, वाफ हवेपेक्षा जड असते, ती टेबलावरून खाली उतरून जमिनीलगत पसरते. भिंतीवर उंच लावलेला एक्झॉस्ट पंखा ती माणसाच्या तोंडासमोरून वर ओढतो. ओढ टेबलाच्या मागच्या कडेला किंवा खाली हवी. डबा किंवा कप आणि पंखा यांच्यामध्ये माणसाचं नाक येता कामा नये. धातूच्या ड्रममधून थिनर ओतताना ड्रम आणि बादली दोन्हींना अर्थिंगची वायर लावावी. त्याचा श्वासाशी संबंध नाही, पण ठिणगीने आग लागली तर बाकीचं सगळं सांगायला कोणी उरत नाही.

हार्डनरच्या डब्याचं झाकण फुगलेलं असेल तर तो डबा कालवण्याच्या टेबलावर आणू नये. आत ओल गेली की आयसोसायनेट पाण्याशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतं, दाब साठतो आणि झाकण उघडताना हार्डनर तोंडावर उडतो. याच कारणाने सांडलेला हार्डनर पुसल्यावर त्या चिंध्या घट्ट झाकणाच्या डब्यात कोंबायच्या नाहीत. आधी माती किंवा वाळूसारखं शोषक टाकून गोळा करावं, मग पाण्यात सोडियम कार्बोनेट आणि थोडा साबण घालून केलेलं मिश्रण ओतावं, आणि झाकण सैल ठेवून डबा उघड्या हवेत राहू द्यावा.

हातमोज्यांबद्दल गैरसमज फार. लॅटेक्सचे मोजे आयसोसायनेट आणि सॉल्व्हंट दोन्हींसाठी कुचकामी आहेत. पातळ नायट्राइलचे मोजे शिंतोड्यांपुरते चांगले, पण टोल्युइन किंवा अॅसिटोनने भिजले की ते काही मिनिटांत आरपार होतात. बाहेरून मोजा धड दिसतो, आत हात ओला असतो. म्हणून मोजा भिजला की लगेच बदलायचा, काम संपेपर्यंत थांबायचं नाही. गनचे भाग कीटोनच्या बादलीत बुडवायचे असतील तर ब्युटाइल रबरचे जाड मोजे लागतात. आणि दिवस संपताना हात थिनरने धुण्याची पद्धत बंद व्हायलाच हवी. थिनर कातडीवरचं तेल काढून टाकतो, स्वतः आत शिरतो आणि सोबत रंगही आत नेतो. इपॉक्सी प्रायमरची आणि त्याच्या अमाइन हार्डनरची त्वचेची अॅलर्जी याच वाटेने जडते. साबण, पाणी किंवा हात साफ करायची तेलकट क्रीम पुरेशी असते, वेळ थोडा जास्त लागतो इतकंच.

आता बूथ. इथे सगळ्यांत जास्त वेळ घालवावा, आणि त्यातही धुराच्या चाचणीवर. वाऱ्याचा वेग आम्ही अॅनेमोमीटरने मोजतो. आडव्या प्रवाहाच्या बूथमध्ये सेकंदाला साधारण अर्धा मीटर मिळायला हवा, आणि तो एका ठिकाणी मोजून उपयोग नाही. बूथच्या छेदात नऊ चौकोन कल्पून प्रत्येकात मोजावं. कोपऱ्यात शून्याच्या जवळ आकडा येणं अगदी नेहमीचं आहे. फिल्टर किती तुंबले हे मॅनोमीटर सांगतो. नवे फिल्टर बसवल्यावरचा आकडा काचेवरच खुणेने लिहून ठेवावा, म्हणजे सुई कुठवर सरकली हे कुणालाही कळतं.

पण वेग बरोबर असूनही बूथ रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते कळत नाही. त्यासाठी धूर. नाटकात वापरतात तसं धुराचं यंत्र घ्यायचं, पंखे बंद करून बूथ पूर्ण भरायचा, दिवे लावायचे, मग रोजच्या फवारणीच्या सेटिंगवर पंखे सुरू करायचे आणि घड्याळ लावायचं. शेवटचा धूर दिसेनासा होईपर्यंतचा वेळ म्हणजे त्या बूथचा रिकामं होण्याचा वेळ. चांगल्या बूथमध्ये तो पाच मिनिटांच्या आत असतो. साध्या खोलीला पंखा लावून बूथ म्हटलेलं असेल तर वीस मिनिटं किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. धूर कोपऱ्यात, गाडीच्या खाली आणि दाराच्या मागे घुटमळतो, म्हणून हातदिवा घेऊन तिथे बघावं. त्याच वेळी एकाने बाहेर उभं राहून दाराच्या फटींकडे पाहावं. धुळीचा कण रंगावर बसू नये म्हणून आत येणाऱ्या हवेचा पंखा वाढवून ठेवलेला असतो. मग बूथमध्ये दाब चढतो आणि रंगाचं धुकं फटीतून शेजारी पुट्टी घासणाऱ्या माणसाकडे जातं, ज्याच्या तोंडावर धुळीचा साधा मास्क असतो. बूथमधला दाब बाहेरपेक्षा किंचित कमी असायला हवा. धुळीवरचा उपाय म्हणजे आत येणाऱ्या हवेचे चांगले फिल्टर, दाब वाढवणं हा नव्हे.

मिळालेला वेळ बूथच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून लावायचा. कारण खरी चूक इथे होते: पेंटर शेवटचा हात मारतो, गन खाली करतो आणि रंग कसा बसला ते पाहायला व्हायझर, म्हणजे मास्कची तोंडासमोरची पारदर्शक काच, वर उचलतो. त्या क्षणी हवेतलं धुकं फवारणी चालू असतानाइतकंच दाट असू शकतं, फक्त साध्या उजेडात ते दिसत नाही. व्हायझर उचलायची वेळ पेंटरने ठरवायची नसते, ती दारावर लिहिलेली असते. मध्येच बाहेर पडावं लागलं तर व्हायझर खाली ठेवूनच बाहेर यावं आणि हवेची नळी बाहेर आल्यावर सोडावी. व्हायझर ओरखड्यांनी धूसर झाला की माणूस तो उचलणारच, म्हणून वरची फाडून टाकायची पारदर्शक पट्टी सढळ हाताने पुरवावी. यात काटकसर करणाऱ्या मालकांना आमचं सांगणं असतं की व्हायझर उचलण्याचं मोठं कारण ती न बदललेली पट्टीच असते.

टू-पॅक फवारणीसाठी कार्ट्रिजचा, म्हणजे वाफ शोषणारी डबी लावलेला, मास्क आम्ही मान्य करत नाही. कार्बनचं कार्ट्रिज संपत आलं की एरवी वास येऊन कळतं, पण इथे वासच नसल्यामुळे ते कधी संपलं हे कळायला मार्ग राहत नाही. दमट हवेत आणि उन्हाळ्यात त्याचं आयुष्य आणखी घटतं. उघडं ठेवलेलं कार्ट्रिज रात्रभर हवेतली वाफ शोषत राहतं. म्हणून इथे बाहेरून हवा पुरवणारा मास्क. त्याच्याही अडचणी आहेत. हवा कॉम्प्रेसरची असते, आणि तेलाचा कॉम्प्रेसर तापला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. श्वासाच्या हवेसाठी अमेरिकेत वापरतात त्या ग्रेड डी मानकात कार्बन मोनॉक्साइड १० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत दहा भागांच्या) आत, कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमच्या आत, तेल घनमीटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आत आणि ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के लागतो. कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतो ते आम्ही छतावर जाऊन पाहतो. बूथची चिमणी किंवा गाड्यांचा धूर जवळ असेल तर फिल्टर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

दुसरी अडचण दाबाची. तोंडाला घट्ट बसणाऱ्या मास्कला मिनिटाला निदान ११५ लिटर आणि डोक्यावरून घालायच्या सैल हूडला १७० लिटर हवा लागते. त्याच लाइनवर गन आणि सँडर (घासायचं यंत्र) चालू असले की प्रवाह घटतो आणि पेंटरला फक्त थोडं गुदमरल्यासारखं वाटतं. प्रवाह मोजायचा तो सगळी यंत्रं चालू असताना. दाढी असलेल्या माणसाला घट्ट मास्क कधीच नीट बसत नाही, त्याला हूडच द्यावा. आणि तो द्यायला हरकत कशाला असावी, कळत नाही.

गन धुणं हा आमच्या यादीतला सर्वांत दुर्लक्षित टप्पा. कपात थिनर भरून भिंतीवर किंवा ड्रमच्या तोंडात फवारून गन साफ करतात. त्या फवाऱ्यात उरलेला हार्डनरही असतो आणि थिनर तर तोंडासमोर असतो. बंद झाकणाचं, हवा ओढणारं गन वॉशर घ्यावं. ते शक्य नसेल तर बूथमध्येच, पंखे चालू ठेवून आणि हवेचा मास्क तोंडावर ठेवून धुवावं. धुतल्यावर बूथ रिकामा होईपर्यंत तेवढाच वेळ पुन्हा थांबावं लागतं, हे लोक विसरतात.

घासकामात दोन गोष्टी पाहतो. पूर्ण न सुकलेला टू-पॅक रंग घासला तर धुळीत क्रियाशील आयसोसायनेट असतं, म्हणून रंग पूर्ण पक्का होईपर्यंत थांबावं. जुना थर असेल तर त्यात शिसं किंवा क्रोमेट आहे का ते आधी तपासावं. झिंक क्रोमेट आणि स्ट्रॉन्शियम क्रोमेटच्या प्रायमरमधलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि अमेरिकेत त्याची मर्यादा घनमीटरमागे फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. अशा थरावर हवेचा झोत मारून धूळ उडवणं पूर्ण बंद करायला हवं. ओलं घासावं, किंवा सँडरला हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम जोडावा. रंग असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायचं असेल तर आधी तो भाग उघडा करावा, कारण पॉलियुरेथेन तापला की आयसोसायनेट पुन्हा सुटतं. रंग काढायच्या जेलीत डायक्लोरोमिथेन असेल तर ती बंद जागेत वापरूच नये. शरीरात त्याचं कार्बन मोनॉक्साइड होतं, आणि नेहमीच्या कार्बन कार्ट्रिजमधून ते फार लवकर पलीकडे जातं.

मोजणीच्या दिवशी पंप कामगाराच्या कमरेला आणि नळीचं तोंड कॉलरला, नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत. सॉल्व्हंटसाठी कोळशाची नळी वापरतात. तिने आयसोसायनेट मोजता येत नाही, त्यासाठी अभिकर्मक लावलेला फिल्टर किंवा इम्पिंजर (द्रवातून हवा बुडबुड्यांनी नेणारी बाटली) लागतो. हातातलं पीआयडी हे वाफ मोजणारं यंत्र एकूण वाफ दाखवतं, आयसोसायनेट नाही, म्हणून त्याचा शून्य आकडा दाखवून कोणी समाधान करत असेल तर ते मान्य करू नये. निकाल वाचताना दोन फसवणुकी होतात. एक, कोणाची मर्यादा धरली: टोल्युइनची अमेरिकेतली कायदेशीर मर्यादा २०० पीपीएम, तर तिथल्याच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची, एसीजीआयएचची, २० पीपीएम आहे. आम्ही खालची धरतो. दोन, प्रत्येक सॉल्व्हंट वेगळा मोजून ‘सगळं मर्यादेत’ म्हणणं. एकाच प्रकारे मेंदूवर परिणाम करणाऱ्या सॉल्व्हंटची बेरीज करावी लागते. टोल्युइन १२ पीपीएम आणि झायलीन १२ पीपीएम मिळालं आणि दोन्हींची मर्यादा २० धरली, तर ०.६ अधिक ०.६ म्हणजे १.२ होतात. एकाच्या वर गेलं, म्हणजे मर्यादा ओलांडली. याच सॉल्व्हंटमुळे आवाजाच्या जागी कान लवकर जातात, म्हणून ज्या शॉपमध्ये कॉम्प्रेसर आणि सँडर आहेत तिथे श्रवणतपासणीही यादीत असायला हवी.

लघवीच्या तपासणीत नमुना कधी घेतला यावर सगळं अवलंबून असतं. एचडीआयचं शरीरात झालेलं हेक्झामेथिलीन डायअमाइन काही तासांतच बाहेर पडतं. सकाळी घेतलेल्या नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून आनंद मानू नये, नमुना फवारणी संपताच, हात धुऊन घ्यावा. ब्रिटनमधली मार्गदर्शक पातळी क्रिएटिनिनच्या (लघवीतला नेहमीचा घटक, त्याच्याशी तुलना करून आकडा काढतात) एका मोलमागे १ मायक्रोमोल आहे. ही तपासणी आजार ओळखत नाही, मास्क आणि बूथ काम करतात का ते दाखवते, आणि त्यासाठी ती फार उपयोगी आहे. टोल्युइनसाठी त्याचं शरीरात होणारं हिप्युरिक अॅसिड मोजत असतील तर शीतपेयं आणि डबाबंद पदार्थांतला बेन्झोएट तो आकडा फुगवतो. टोल्युइनपासूनच होणारं ऑर्थो-क्रेसॉल त्याहून विश्वासार्ह, पण धूम्रपानाने तोही वाढतो.

रंगाऱ्याच्या व्यवसायाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये मानवासाठी कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. हे दूरचं नुकसान. जवळचं आणि रोखता येणारं नुकसान म्हणजे दमा, आणि तो लवकर पकडण्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी, कामावर घेताना, नंतर साधारण सहा आठवड्यांनी आणि पुढे दरवर्षी करावी. वर्षातून एकदाच्या तपासणीत बरंच सुटतं, कारण हा दमा बहुधा कामाच्या वेळी दिसत नाही. फवारणीनंतर काही तासांनी, रात्री झोपेत खोकला येतो, आणि तो सर्दी म्हणून जातो. सुट्टीत बरं वाटतं, कामावर परतलं की पुन्हा सुरू होतो. असं सांगणाऱ्याला पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजणारं छोटं यंत्र, द्यावं: दिवसातून निदान चार वेळा, दर वेळी तीन फुंका, त्यातला मोठा आकडा, चार आठवडे, सुट्टीचे दिवस धरून, आणि शेजारी त्या दिवशी काय फवारलं ते. कामाच्या दिवसांत रेघ खाली आणि सुट्टीत वर गेली तर त्याला लगेच आयसोसायनेटपासून पूर्ण दूर करावं. चांगला मास्क देऊन त्याच जागी ठेवणं हा उपाय नाही. लक्षणं सुरू झाल्यावर जितका उशीर तितका काम सोडल्यानंतरही दमा राहण्याचा धोका वाढतो.

डॉक्टरांकडे पाठवताना चिठ्ठीवर नुसतं ‘खोकला, दम लागतो’ लिहू नये. हार्डनरच्या शीटच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची प्रत, पीक फ्लोचा कागद, फवारणीचे दिवस आणि शेवटची लघवीची तपासणी एकत्र जोडावी. हे कागद नसतील तर बहुतेक डॉक्टर इनहेलर देऊन त्याला दुसऱ्या दिवशी बूथमध्ये परत पाठवतात, कारण आयसोसायनेटचं नाव त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.